मूल खालून खेळून येतं आणि काहीतरी भलतंच सांगतं तेव्हा

संध्याकाळी साडेसातला मूल घामाघूम होऊन वर येतं आणि हातपाय धुता धुता बोलून जातं, "आई, त्याने मला मीटर रूममध्ये नेलं आणि चड्डी काढ म्हणाला." मुंबईत मुलांचं मैदान म्हणजे पार्किंग, जिना आणि वॉचमन नसेल तेव्हा गच्ची. 'तो' बहुतेक वेळा दोनच मजले वर राहतो. त्याच्या आईशी आपण रोज लिफ्टमध्ये बोलतो, तिथेच सगळी पंचाईत होते.

१. आधी आपला चेहरा सांभाळा

पुढचं सांगायचं की नाही, हे मूल आपल्या तोंडाकडे बघून ठरवतं. गॅस बंद करा, शेजारी बसा. "मग काय झालं?", "अजून कोण होतं?" एवढंच विचारा. "त्याने तुला इथे हात लावला का?" असं उत्तर सुचवणारं विचारू नका, लहान मूल आपल्याला हवं ते सांगून मोकळं होतं. तेच रात्री बाबांसमोर, मग आजीसमोर, मग फोनवर मावशीला वदवूनही घेऊ नका. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही," हे मात्र नक्की म्हणा. ते झोपलं की त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून, वहीत लिहा.

२. कुतूहल की काळजी, ते पाहा

चार-पाच वर्षांची दोन मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळताना एकमेकांचे कपडे वर करून बघतात, खिदळतात, कोणी हटकलं की लगोरीकडे पळतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. शिव्यांचंही तसंच, त्या लोकलच्या डब्यातसुद्धा फुकट शिकायला मिळतात.

वयात तीन-चार वर्षांचं अंतर असेल, जबरदस्ती किंवा आमिष असेल, "कोणाला सांगू नकोस" अशी तंबी असेल, हटकूनही तेच चालू राहत असेल, तर कान टवकारा. त्या वयाला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी मूल तपशिलाने सांगत असेल, मांजरीच्या पिल्लांना मुद्दाम इजा करत असेल, खेळता खेळता गळा दाबत असेल, तरीही.

आमच्या बिल्डिंगमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा ओढणीने बाकीच्यांना खांबाला बांधायचा. आम्ही सगळ्यांनी त्याला वात्रट ठरवलं. घरी एकटं ठेवताना त्यालाच असं बांधून ठेवतात, हे कळायला पाच महिने गेले. तोवर एकाही मोठ्या माणसाने "हा खेळ कुठे शिकलास रे?" असं विचारलं नव्हतं. मीही नाही.

३. खेळ डोळ्यांसमोर आणा

लगेच बंदी घातली तर आपलं मूल पुढच्या वेळी सांगणारच नाही. काही दिवस तुम्हीच खाली बसा, किंवा दोघांना आपल्या हॉलमध्ये, दार उघडं ठेवून खेळू द्या. गच्ची आणि जिना बंद. जबरदस्ती झाली असेल तर मात्र एकत्र खेळणं त्याच दिवशी थांबवा.

४. त्याच्या आईशी बोला, पण ग्रुपवर नाही

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली की त्या मुलाच्या कपाळावर कायमचा शिक्का बसतो. दुपारी एकट्या जा. "ताई, तक्रार घेऊन नाही आले. आमची कालपासून असं असं सांगतेय. तुमच्या कानावर घालावं म्हटलं. तुम्हाला घरी काही जाणवलंय का?" एवढं पुरे. त्या चिडतील, आपणही चिडलो असतो. वाद घालू नका, दोन दिवस जाऊ द्या. विषय निघालाच तर मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, हे सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही द्या.

मात्र त्या मुलाच्या घरातच काही घडत असल्याची शंका असेल, तर ही पायरी गाळा. तुम्ही दार वाजवून परत आलात की मार त्यालाच बसेल.

५. अशा वेळी १०९८

मुलांसाठीच्या सरकारी चाइल्ड हेल्पलाइनचा हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं, काहीही असो, फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर "आपण कशाला मध्ये पडा" म्हणायची सोय नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं हे आपलं काम नाही. आणि खोडी काढणारा सात वर्षांखालचा असेल तर त्याचं कुठलंच कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही, त्यामुळे "पोलिसांत देईन" अशी धमकी त्याला देऊ नका.

या सगळ्या धावपळीत आपलं मूल एक दिवस विचारेलच, "तो खाली का येत नाही? माझ्यामुळे?" तेव्हा हातातला फोन खाली ठेवा आणि सांगा, "नाही गं. त्याला थोडी मदत लागतेय, ती मोठी माणसं करतायत."