कॉम्प्युटरच्या इतिहासावर क्विझ घेताय? मग प्रश्न असे काढा

गणपतीत नागपुरात सोसायटी-सोसायटीत पोट्ट्यांच्या क्विझ होतात आणि "जगातला पहिला कॉम्प्युटर कोणता" हा प्रश्न आला की भांडण ठरलेलंच, एक म्हणतो एनियाक, दुसरा म्हणतो बॅबेजचं मशीन, मागून कोणाचे तरी बाबा तिसरंच नाव सांगून राहिले असतात. चूक पोरांची नसते हो, प्रश्नच कच्चा असतो.

म्हणून नुसता "पहिला" विचारायचाच नाही, कशातला पहिला ते प्रश्नातच टाकायचं. एनियाक 1946 ला जगासमोर आला पण त्याच्या आधी आयोवात अटानासॉफ आणि बेरी यांनी इलेक्ट्रॉनिक मशीन बनवलं होतं, आणि 1973 ला अमेरिकेतल्या कोर्टाने एनियाकचं पेटंटच रद्द ठरवलं. मग हेच विचारा की, एनियाकचं पेटंट कोणत्या साली रद्द झालं? उत्तर एकच, वाद नाही. भारताचा पहिला कॉम्प्युटर विचाराल तरी तसंच, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये 1955 ला आलेलं मशीन ब्रिटनहून आणलेलं होतं आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला टिफ्रॅक, जो 1960 ला सुरू झाला, तो इथेच बांधलेला. इंटरनेटचं विचाराल तर "सर्वसामान्यांसाठी" हा शब्द टाकाच, 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी टेलिकॉम कंपनीने सुरू केलं ते लोकांसाठी, शिक्षणसंस्थांचं अर्नेट त्याच्या आधीपासून होतं.

दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, गोष्ट घडली त्याच दिवशी कोणी काही लिहून ठेवलंय का ते शोधा. 29 ऑक्टोबर 1969, लॉस एंजेलिसची यूसीएलए युनिव्हर्सिटी, चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरून, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या (एसआरआय) मशीनवर लॉगिन करून पाहतोय, एल गेला, ओ गेला, आणि पलीकडचं मशीन बसलं. पहिला मेसेज दोनच अक्षरांचा! ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या रात्रीच्या लॉगबुकात रात्री साडेदहाची वेळ आणि एसआरआयशी होस्ट टू होस्ट (म्हणजे मशीन टू मशीन) बोललो एवढीच नोंद आहे, एल-ओ चा किस्सा तिथे हजर असलेल्यांनी सांगितलेला आहे. दोन्ही विचारायला हरकत नाही, फक्त कोणती गोष्ट कागदावरची आणि कोणती आठवणीतली हे क्विझमास्टरला माहीत पाहिजे.

कॉम्प्युटरमधल्या चुकीला "बग" म्हणतात, त्यावरून सांगतात तो मशीनमध्ये सापडलेल्या पतंग किड्याचा किस्सा घ्या. हार्वर्ड मार्क टू या जुन्या कॉम्प्युटरच्या रिलेत (विजेच्या स्विचमध्ये) अडकलेला तो किडा टेपने वहीत चिकटवला होता, ती वही आजही अमेरिकेत स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. बऱ्याच ठिकाणी साल 1945 दिसेल, ते घेऊ नका, 9 सप्टेंबर 1947 धरा. आणि "ग्रेस हॉपरने शोधला" असंही लिहू नका, प्रोग्रॅमिंगमधल्या या नामवंत बाई हा किस्सा फार रंगवून सांगायच्या पण स्वतः तिथे नव्हत्या.

पहिल्या ईमेलमध्ये काय लिहिलं होतं हा प्रश्न तर काढूनच टाका, 1971 ला रे टॉमलिन्सनने पाठवला आणि त्यालाच ते आठवत नव्हतं. त्याऐवजी विचारा, दोन मशीन एकमेकांपासून किती लांब होती? शेजारी-शेजारी, एकाच खोलीत! पोरं हे ऐकून खूश होतात.

लहान गटाला इंग्लंडच्या केंब्रिज युनिव्हर्सिटीतल्या कॉफीचा प्रश्न द्या. 1991 ला तिथल्या कॉम्प्युटर लॅबवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, काहून तर जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं हे नको होतं, 1993 ला ते चित्र वेबवर आलं आणि 2001 पर्यंत चाललं. फोटो प्रोजेक्टरवर दाखवा आणि विचारा हे काय आहे.

प्रत्येक प्रश्नाच्या चिठ्ठीमागे माहिती कुठून घेतली ते पेनाने लिहून ठेवा, व्हॉट्सअॅपवर आलं एवढंच लिहिता येत असेल तर ती चिठ्ठी बाजूला. आणि कोणी पोट्ट्याने वेगळं उत्तर पुराव्यासकट दिलं तर मार्क द्या, पुढच्या वर्षी त्यालाच प्रश्न काढायला बसवा.