आई-वडिलांना एडीएचडी असल्यास मुलांबाबतची शक्यता कशी पडताळावी

एडीएचडी म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार; त्याची आनुवंशिकता सुमारे 74 टक्के असते, असे वाचल्यावर अनेक पालक आपल्या मुलाला हा विकार होण्याची शक्यताही तेवढीच आहे असे धरून चालतात. हा अर्थ चुकीचा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून निघालेला हा आकडा एवढेच सांगतो की, एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांमध्ये या लक्षणांचा जो फरक आढळतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जनुकीय फरकांशी निगडित असतो; तुमच्या मुलाविषयी तो काहीच सांगत नाही.

पालकांच्या उपयोगाचा आकडा वेगळा आहे. जगभरात सुमारे 5 टक्के मुलांमध्ये एडीएचडी आढळतो, तर आई किंवा वडिलांना तो असलेल्या मुलांत हे प्रमाण काही अभ्यासांत निम्म्याच्या आसपास दिसले आहे. मात्र असे अभ्यास बहुधा उपचारांसाठी आलेल्या कुटुंबांवर झालेले असल्याने ते प्रमाण जरा सैल हातानेच धरावे.

म्हणून सुरुवात कुटुंबाच्या इतिहासापासून करावी. येथे निदानाच्या कागदांवर विसंबून चालत नाही, कारण आधीच्या पिढीत अनेकांचे निदान झालेलेच नसते, आणि मुलींमधली दंगा न करणारी, स्वतःत हरवलेली विस्मृती तर 'धांदरटपणा' म्हणून सोडून दिली जात असे. त्यामुळे 'घरात कोणाला एडीएचडी होता का' असे न विचारता, लहानपणी कोणाच्या वस्तू सतत हरवत, कोणाची कामे अर्धवट राहत, शाळेच्या प्रगतिपुस्तकांत शिक्षकांनी काय शेरे लिहिले होते, हे विचारावे. आजी-आजोबा याबाबत चांगली माहिती देऊ शकतात.

जनुकीय चाचणीवर पैसे खर्च करू नयेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात एडीएचडीशी संबंधित 27 जनुकीय स्थाने आढळली, पण त्यांतील प्रत्येकाचा परिणाम अगदी सूक्ष्म आहे. त्यावरून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही.

मुलाचे निरीक्षण करताना घाई नको. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेच्या निकषांनुसार मुलांमध्ये अवधानाच्या अभावाच्या नऊ किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. फक्त गृहपाठाच्या वेळी होणारी चुळबुळ या निकषांत बसत नाही. नोंदी तारखेसह ठेवाव्यात, शिक्षकांचे मत वेगळे घ्यावे, आणि ऐकू येणे, दृष्टी व झोप यांची तपासणी आधी करून घ्यावी, कारण त्यांतील दोषही दुर्लक्षासारखे भासतात. अकाली जन्म, जन्मतः कमी वजन आणि शिशाचा संपर्क यांचा संबंध एडीएचडीशी आढळतो, तेव्हा त्यांचीही नोंद असावी. वाईट संगोपनामुळे हा विकार होतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

पालकाला स्वतःला एडीएचडी असल्यास त्याचे उपचार लांबणीवर टाकू नयेत. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपाय म्हणून पालक-प्रशिक्षण, म्हणजे मुलाचे वागणे कसे हाताळावे याचे पालकांना दिलेले शिक्षण, सुचवले जाते, आणि त्यासाठी लागणारी शिस्त व सातत्य हेच अशा पालकाला सर्वांत कठीण जाते. तज्ज्ञांकडे जाताना कुटुंबातील हृदयविकाराची व अचानक झालेल्या मृत्यूंची माहितीही सोबत न्यावी. एडीएचडीसाठी दिली जाणारी उत्तेजक औषधे सुरू करण्यापूर्वी ती विचारली जाते.