मोआचे सांगाडे, किवीची रात्र: न्यूझीलंडला निघण्याआधी

पक्ष्यांसाठी न्यूझीलंडला जाणारे आपल्याकडे कमी, आणि नाहीशा झालेल्या पक्ष्यांसाठी जाणारे त्याहून कमी. तुम्ही त्यांतले असाल तर व्हिसाचे कागद जमवायला लागण्याआधी एक-दोन संध्याकाळी वाचनाला द्या. ती तयारी नसेल तर संग्रहालयातला मोआ, म्हणजे न्यूझीलंडमधला नाहीसा झालेला प्रचंड पक्षी, नुसता एक उंच सांगाडा वाटतो आणि पाच मिनिटांत आपण पुढच्या दालनात जातो.

आधी नाती नीट लावून घ्या. मोआ आणि किवी एकाच देशातले, दोघेही न उडणारे, म्हणून किवी ही मोआची धाकटी बहीण असणार असं सगळे धरून चालतात. जुन्या हाडांमधल्या डीएनएने वेगळंच सांगितलं. मोआचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग म्हणजे दक्षिण अमेरिकेतले टिनामू, तित्तिरासारखे दिसणारे आणि थोडंफार उडणारेसुद्धा. किवीचं नातं २०१४ साली जुळलं ते थेट मादागास्करच्या हत्तीपक्ष्याशी, म्हणजे आजवरच्या सर्वांत वजनदार पक्ष्यांशी. तोही आता उरलेला नाही. दोघांचे पूर्वज उडत उडत वेगवेगळे आले आणि या बेटांवर त्यांनी उडणं वेगवेगळं सोडलं, असा याचा अर्थ. मला या सगळ्या विषयात याहून थरारक काही वाटत नाही.

वाचताना घरचा दुवाही बघून ठेवा. याच मोठ्या कुळातला शहामृग एके काळी आपल्याकडे होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे १९७०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेला एक तुकडा मिळाला. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात.

मोआच्या नऊ जाती होत्या. सर्वांत मोठ्या जातीची मादी पाठीपाशीच दोन मीटर उंच, मान ताणली तर साडेतीन मीटरच्या वर पोचणारी, वजन दोनशे किलोंच्या पुढे. नर तिच्यापुढे इतका लहान की त्यांची हाडं कित्येक वर्षं वेगळ्या जातीची समजली जात होती. २००३ साली डीएनएने तो घोळ मिटवला. माणूस या बेटांवर तेराव्या शतकाच्या सुमारास आला आणि त्यानंतर दीड-दोनशे वर्षांत शिकारीने मोआ संपले. विज्ञानाला त्यांची ओळख झाली ती लंडनमध्ये. १८३९ साली प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी हाडाचा वीतभर तुकडा पाहून हा प्रचंड पक्षी असल्याचं सांगितलं.

संग्रहालयं निवडताना सगळी गाठायचा हट्ट नको. वेलिंग्टनचं ‘ते पापा’ आणि डनेडिनचं ओटागो संग्रहालय, ही दोन मी सुचवेन. क्राइस्टचर्चचं कँटरबरी संग्रहालय मोआच्या हाडांसाठी नावाजलेलं आहे, पण २०२३ साली ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं. तिथे जायचं असेल तर उघडलंय का ते आधी बघा. सांगाड्यासमोर उभे राहिलात की पहिल्यांदा छातीकडे बघा. खांद्यापाशी पंखाचं हाड शोधा. सापडणार नाही. शहामृगाला पंख आहेत, किवीलाही पिसांत दडलेले बोटभर पंख आहेत, पण मोआला पंखाचं एकही हाड उरलं नव्हतं. छातीचं हाड सपाट, उडणाऱ्या पक्ष्याला असतो तसा मधला उभा कणा नाही. मग मान बघा. जुने सांगाडे बरेचदा मान सरळ आकाशाकडे करून उभे केलेले असतात, कारण त्या काळी उंचीचं अप्रूप होतं. जिवंत मोआ मान पुढे वाकवून चालत असे, असं आता मानतात. वही-पेन्सिल न्या आणि निदान एक पाऊल तरी काढून बघा, हात चालला की डोळा थांबतो.

आता किवी. ती बघायची तर रात्र हवी, म्हणून ऋतूचा विचार करा. डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे काळोख पडायला दहा वाजून जातात, लहान मुलं बरोबर असतील तर ती तोवर झोपलेली असतात. जून ते ऑगस्ट कडाक्याची थंडी असते, पण पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. वेलिंग्टनमधल्या झीलँडिया या कुंपण घातलेल्या अभयारण्यात रात्रीची मार्गदर्शित फेरी असते, ती भारतातूनच आरक्षित करा. मुलांसाठी ओटोरोहांगाचं किवी हाउस उत्तम, तिथे दिवसा अंधार करून किवी दाखवतात. आणि वेळ असेल तर तळाशी, स्ट्यूअर्ट बेटावर जा. तिथली किवी कधीकधी दिवसाउजेडीही बाहेर पडते. ब्लफ बंदरातून फेरीबोटीने तासाभराचा प्रवास आहे आणि मधली सामुद्रधुनी खवळलेली असते, उलटीची गोळी निघण्याआधीच घ्या. पायवाटांवर चिखल घोट्याच्या वर येतो. तिथे एकच रात्र राहू नका, एका रात्रीत किवी दिसलीच पाहिजे असं काही नाही.

बॅटरी लाल उजेडाची घ्या, किंवा साध्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा. फ्लॅश बंद. कानांवरून टोपी जरा वर सरकवा, कारण किवी बहुधा आधी ऐकू येते. नराची चढत जाणारी शीळ, मादीचा घोगरा आवाज, आणि अगदी जवळ असेल तर सुस्कारल्यासारखा आवाज. तिच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाशी असतात, मातीत चोच खुपसून ती वास घेते आणि मग नाक साफ करते. दिसली की जागच्या जागी थांबा. हात लावणं तर दूरच. मोआच्या सांगाड्यात जी सपाट छाती पाहिलीत तीच इथेही आहे. तिला उडण्याच्या जाड स्नायूंचं संरक्षण नाही, म्हणून कुत्र्याच्या साध्या चाव्यानेही किवी मरते.

बॅग भरताना बुटांपासून सुरुवात करा. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट असतील तर तळव्याच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने घासून काढा, धुवा, पुरते वाळवा आणि विमानतळावर जाहीर करा. खाण्याचं जे काही न्याल, चिवडा, लोणचं, तूप, मसाले, सगळं जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर चारशे न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर बसतो. मध न्यायचाच नाही. हा जाच नाही. जमिनीवर राहणारे कित्येक पक्षी परक्या जिवांनी संपवले, त्यामुळे तिथले लोक याबाबतीत कडक आहेत आणि बरोबरच आहेत. छोट्या अभयारण्य-बेटांवर जाताना बॅगा पुन्हा उघडायला लावतात, उंदीर किंवा मुंग्या शिरल्यात का ते बघायला. कप्पे मोजके असलेली पाठपिशवी सोयीची पडते.

गुहेत किंवा वाळूत हाड दिसलं तर उचलू नका, जागेचा फोटो काढून जवळच्या संग्रहालयाला कळवा. दुकानात कोणी मोआचं हाड विकायला काढलं तरी घेऊ नका, परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही.