नाशिकच्या परसबागेतला वसंत: या चुका टाळा

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी नाशिकच्या परसबागेत तो माघातच येतो आणि गुढीपाडव्यापर्यंत बराचसा आटोपलेला असतो. फेब्रुवारीत पहाटे अजून शाल लागते, दुपारी मात्र ऊन चटके देऊ लागते. मार्चअखेर पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि हवेतला ओलावा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे पाडव्याच्या मुहूर्तावर बागकाम काढणे ही येथे हमखास होणारी पहिली चूक आहे. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल यांना पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात. त्यांचे बी वसंत पंचमीच्या सुमारास पडले, तर रोपे ऊन वाढण्याआधी मुळे धरतात. एप्रिलमध्ये पडले, तर कोवळी रोपे ऐन उन्हात सापडतात. याच काळात नर्सरीत फुलांनी लगडलेले पिटुनिया आणि डायँथस फार मोहात पाडतात, पण ती हिवाळी रोपे असून त्यांचा बहर उतरणीला लागलेला असतो, हे ध्यानात ठेवूनच पैसे मोजावेत.

दुसरी चूक अधिक खोलवर रुजलेली आहे. झाडाने मान टाकली की पाणी आणि पान पिवळे पडले की खत, असा एक ठरलेला उपचार घरोघरी चालतो, आणि वसंतात बिघडणाऱ्या झाडांपैकी बरीचशी या उपचारानेच बिघडतात. दुपारी दोन वाजता जास्वंदीची पाने लोंबलेली दिसली आणि सायंकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर झाडाला काहीही झालेले नसते. पानांतून उडणारे पाणी मुळांना तेवढ्या वेगाने पुरवता आलेले नसते, इतकेच. तीच पाने सकाळी सात वाजताही लोंबलेली असतील, तर मात्र मुळाशी जाऊन पाहावे. नाशिकची काळी माती या बाबतीत फसवी आहे, कारण ती वरून भेगाळते आणि आत चिकट, ओली राहते. बोट दोन पेरे आत खुपसून पाहिल्याखेरीज पाणी घालू नये. बोटाला चिखल लागत असेल आणि खालची पाने पिवळी पडून गळत असतील, तर मुळांना हवा मिळत नाही असे समजून चार दिवस पाणी थांबवावे. भेगा पडू देणेही योग्य नाही, कारण त्या रुंदावताना बारीक मुळे तुटतात. त्यासाठी रोज शिंपण करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मुरवून पाणी द्यावे आणि बुंध्यापासून थोडे अंतर सोडून सुक्या पानांचे तीन-चार बोटे जाड आच्छादन पसरावे. बदाम, कडुनिंब आणि पिंपळ याच दिवसांत पाने ढाळतात. ती होळीत जाळणे म्हणजे फुकट मिळालेले आच्छादन वाया घालवणे होय. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी अंगाला पोळेल इतके तापलेले असते, ते मोकळ्या जागी सोडून द्यावे.

पिवळेपणाचेही प्रकार आहेत. जुनी पाने सरसकट फिकी पडली, तर नत्र कमी पडले असण्याची शक्यता असते आणि मूठभर गांडूळखताने काम भागते. पण शेंड्याची नवी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या असतील, तर ती लोहाची कमतरता असते. येथील चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि बोअरवेलच्या जड पाण्याने त्यात भर पडते. पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगरकडच्या नव्या बंगल्यांच्या परसात तर बांधकामाचे डबर आणि सिमेंट मुरमाखाली तसेच दडपलेले असते. अशा झाडाला युरिया देऊन उपयोग नाही. उलट पाने वाढतात आणि फुले रुसतात. अल्कलीयुक्त मातीत टिकणारे ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले लोह) पाकिटावरील प्रमाणानुसार मुळाशी द्यावे आणि शक्य तेथे खालचे डबर उकरून काढून माती व शेणखत भरावे.

मोगऱ्याची तक्रार वेगळीच असते: झाड हिरवेगार, पण कळी नाही. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो, म्हणून डिसेंबरात त्याचे पाणी तोडून जानेवारीत निम्म्यावर छाटणी करावी लागते. कुठल्या तरी हळव्या कारणाने ही छाटणी टळते आणि मग मार्चमध्ये खताचा मारा होतो. छाटणी राहून गेलीच असेल, तर निदान शेंडे खुडावेत, सुकी पाने काढावीत आणि कुंडी दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी हलवावी. पहिला बहर संपल्यावर पुन्हा शेंडे खुडले की दुसरा येतो.

मोगल काळात गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे शहर, म्हणवलेल्या या शहरात गुलाब रुसावा, हे जरा नामुष्कीचेच आहे. गुलाबाच्या बुडातून एखादा जोमदार, लांबलचक फुटवा निघाला की घरात आनंद होतो. पण तो डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या, गाठीच्या खालून आलेला असेल, तर तो खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या, रानटी गुलाबाचा असतो आणि कलमाचा सगळा रस तोच पिऊन टाकतो. माती बाजूला सारून तो मुळापासून ओढून काढावा, कारण नुसता कापला की पुन्हा फुटतो.

गुलाबावर आणि झिनियावर पांढरी भुकटी दिसली, तर ती द्राक्षबागायतदारांच्या नित्य परिचयाची भुरी, म्हणजे एक बुरशी, असते. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारतात. चूक होते ती वेळेची: पारा ३२ अंशांवर गेल्यानंतर गंधक फवारले, तर पाने करपतात, आणि नीमतेल फवारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गंधक मारले, तरीही तेच होते. नीमतेल सायंकाळी, लिटरला ५ मिलिलिटर आणि थोडे साबणपाणी घालून फवारावे.

जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळत असतील, तर एक कळी पांढऱ्या कागदावर झटकून पाहावी. दोऱ्याच्या तुकड्यांसारखे पिवळसर, सरपटणारे ठिपके पडले, तर ते फुलकिडे असतात. कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. त्याला झाडावर फिरवणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय फवारणीला फारसा अर्थ राहत नाही.

परसात आंबा असेल, तर मोहोर पूर्ण उमललेला असताना कोणतेही कीटकनाशक फवारू नये, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या त्याच वेळी झाडावर असतात. आणि मार्चमध्ये अवकाळी पाऊस झालाच, तर दुसऱ्या दिवशी पाणी न देता कुंड्यांखालच्या ताटल्या ओताव्यात, वाकलेल्या फांद्यांना काठीचा आधार द्यावा आणि खत आठवडाभर पुढे ढकलावे.