आक्रमक प्रजाती: उपटायला धावण्याआधी या चुका टाळा

परकं ते सगळं आक्रमक, ही पहिली चूक. मका जगभर पोचला, पण माणसाने पेरल्याशिवाय तो कुठे टिकत नाही. जी प्रजाती स्वतःच्या बळावर पसरते आणि मूळच्या जीवांची जागा किंवा अन्न बळकावते, ती आक्रमक.

डोळ्यांना बरं दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या महाकाय सरोवरांच्या परिसरात झेब्रा शिंपले आढळले आणि पुढे पाणी नितळ होत गेलं. ते शुद्ध झालं नव्हतं. शिंपल्यांनी त्यातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खाल्लं होतं, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या तोंडचा घासच.

नुकसान मोजताना फक्त मेलेले जीव मोजले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावर पोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथले बहुतेक वनपक्षी संपवले. पण मग किडे टिपणारं कुणी नाही, म्हणून कोळी बेसुमार वाढले. फळं झाडाखालीच पडू लागली, बिया दूर नेणार कोण? सापाने झाडाचं पानही खाल्लं नव्हतं, तरी जंगलाची घडी विस्कटली.

उपाय म्हणून दुसरा पाहुणा आणणं तर फारच महागात पडतं. १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खायला ऑस्ट्रेलियात केन टोड नावाचे बेडकासारखे प्राणी आणले. भुंगेऱ्यांचं काही बिघडलं नाही. विषारी टोड खाणारे स्थानिक शिकारी मात्र मेले.

माझ्या मते सगळ्यात फसवी चूक म्हणजे ‘एक काढला की सगळं पूर्ववत होईल’ ही समजूत. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर समुद्रपक्षी वाचावेत म्हणून २००० पर्यंत मांजरं हटवली. हेतू चोख होता. पण मांजरं ससेही खात होती, आणि सशांवर सोडलेल्या मिक्सोमा विषाणूचा जोरही ओसरत होता. ससे मातले, हिरवे उतार बोडके झाले, माती घसरू लागली. शेवटी ससे आणि उंदीर एकाच मोहिमेत काढावे लागले. २०१४ मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त जाहीर झालं. म्हणून आधी कोण कुणाला खातं याचा कागदावर नकाशा काढा, मग हात घाला.

झाडांचंही तेच. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला परक्या टॅमॅरिस्क झुडपांत एक दुर्मीळ स्थानिक माशीमार पक्षी घरटी करतो, कारण अनेक ठिकाणी त्याची नेहमीची विलोची झाडं उरलेली नाहीत. तिथे सगळं एकदम तोडलं तर पक्षी जाणार कुठे? आधी विलो रुजवा, ते घरट्याजोगे वाढतील तसतसं झुडूप पट्ट्यापट्ट्याने काढा.