सहकुटुंब तंबू आणि होडी: सातपुड्याला जाताना या चुका टाळा

मराठवाड्यात गौताळा आहे, येडशी-रामलिंग आहे, नायगावचं मोर अभयारण्य आहे, नाथसागराच्या काठी जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान मात्र एकही नाही. त्यामुळे जंगल आणि होडी एकाच सहलीत हवं असेल, तर मध्य प्रदेशातलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९८१) आपल्याला सोयीचं पडतं. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकडून मनमाडला यायचं आणि तिथून इटारसी-जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने सोहागपूर किंवा पिपरिया गाठायचं. सोहागपूरपासून मढईचं प्रवेशद्वार वीसेक किलोमीटरवर आहे. समोर देनवा नदी, म्हणजे तवा धरणाचा फुगवटा. लांबट, निमुळत्या, दोघांनी वल्हवायच्या होडीला, कॅनोला, हे पाणी फार छान आहे. पण आपल्या विहिरीच्या आणि गावतळ्याच्या सवयी इथे चालत नाहीत, आणि बहुतेक घोटाळे त्या सवयींमुळेच होतात.

निघण्याआधीच्या चुका

उद्यानाच्या गाभा क्षेत्रात स्वतःचा तंबू ठोकता येत नाही आणि आपली फुगवायची रबरी होडीही पाण्यात घालता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि प्रवेश परवानगीनेच मिळतो. तंबू लावायचा तो बाहेरच्या क्षेत्रातल्या परवानाधारक मुक्कामाच्या जागी, आणि होडीत बसायचं ते तिथल्या वाटाड्यासोबत. बुकिंग करतानाच स्पष्ट विचारा: आपला तंबू चालेल का, होडी किती फुटी आहे, लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर जॅकेट घरून न्या.

तारखांमध्येही चूक होते. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, आणि बुधवारी दुपारनंतरची सफारी नसते. मंगळवार-बुधवारचा मुक्काम ठरवला, तर एक फेरी हातची जाते. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र सोबत लागतं. मुलांचं आधार कार्ड घरी विसरणं हा नेहमीचा प्रकार, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं एकाच पाकिटात, एकाच माणसाकडे ठेवा.

छोटी गॅस शेगडी आणि तिची टाकी बॅगेत टाकून रेल्वेत चढू नका. रेल्वेत गॅस, रॉकेल, पेट्रोल नेणं गुन्हा आहे, आणि तुमच्यासोबत अख्खा डबा धोक्यात येतो. स्वयंपाकाची सोय मुक्कामी मिळते, नसेल तर कोरडा शिधा न्या.

‘पोहता येतं’ म्हणून जॅकेट काढणं

ही सगळ्यात घातक चूक. आपल्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला भोपळा किंवा डबा, वर कठड्यावर काका, आणि चार हात मारले की पायरी. तिथे पाणी स्थिर असतं आणि काठ नेहमी हाताशी. धरणाच्या पाण्यात काठ दोनशे-तीनशे मीटर लांब असतो, वारा अंगावर लाटा आणतो, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पाणी गार असतं. अचानक गार पाण्यात पडलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही गुदमरतो. म्हणून होडीत चढण्याआधी जॅकेट अंगावर हवं, आणि उतरून काठावर आल्यावरच ते काढायचं. बुडाखाली घेऊन बसायला ते दिलेलं नसतं.

मापाची परीक्षा सोपी आहे. सगळे पट्टे आवळून दुसऱ्याने जॅकेट खांद्याला धरून वर ओढायचं. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे किंवा पट्टे सैल आहेत. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली निसटतं. घरून जॅकेट नेणार असाल तर शहरातल्या जलतरण तलावात एकदा मुलाला त्यावर तरंगवून बघा. हवा भरायचे दंडावरचे फुगे हे खेळणं आहे.

कपड्यांकडेही नीट बघा. साडी, ओढणी आणि जीन्स भिजली की जड होते आणि पायात गुंतते. आई-आत्यांनी होडीत बसताना सलवार किंवा ट्रॅक पँट घालावी. आजींना साडीच हवी असेल तर त्यांना मोठ्या मोटरबोटीतून फिरवा, त्यात त्यांचीही मौज होते. पायात टाचेला पट्टा असलेल्या चपला घाला. गमबूट पाण्याने भरतात.

होडी डुलते, कलते, भरते

पहिली गडबड चढतानाच होते. होडीचं अर्धं अंग काठावर आणि अर्धं पाण्यात ठेवून लोक चढतात, कारण ती ‘घट्ट’ वाटते. उलट, दोन टोकांवर टेकलेली होडी लगेच कुशीवर होते. होडी पूर्ण तरंगू द्या, काठाला समांतर लावा, एकाने ती धरून ठेवावी. चढणाऱ्याने वाकून दोन्ही कडा धरायच्या, पाऊल बरोबर मध्यरेषेवर टाकायचं आणि लगेच बसायचं. एका वेळी एकच माणूस.

सोळा फुटी होडीत दोन मोठी माणसं, मधे एक मूल आणि दिवसापुरतं सामान, एवढंच. सगळे बसल्यावर पाण्यापासून होडीची कड किमान सहा इंच वर हवी, वीतभर असेल तर उत्तम. काळी-पिवळीत ‘सरका थोडं’ म्हणून आणखी एक जण बसवतो, तसं इथे करू नका. सामान तळाशी, मध्यावर ठेवा आणि आखूड दोरीने बांधा. लांब फास सोडले तर होडी उलटल्यावर त्यातच पाय अडकतो.

डुलणं थांबत नसेल तर कारण बहुधा एकच असतं: वजन उंचावर आहे. बाकावरून खाली या, गुडघे फाकवून तळाशी टेका, बूड बाकाच्या कडेला लावा. होडी तिथेच शांत होते. मुलाला तळावर घडी केलेल्या सतरंजीवर बसवा. मगर दिसली की सगळे एकाच बाजूला झुकतात, म्हणून निघतानाच ठरवा: मान वळवायची, अंग नाही.

होडी सरळ जात नाही

दोघंही जोर लावतात, होडी नागमोडी जाते आणि मग नवरा-बायकोत वाद सुरू होतो. दोष बहुतेक वेळा मागच्याचा असतो, कारण दिशा मागचा माणूस देतो. पुढच्याने फक्त ठेका धरायचा. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं, आणि मागच्याने पुढच्याचं पातं पाण्यात पडलं की आपलं पाडायचं.

तरीही मागच्याच्या प्रत्येक फटक्याने होडीचं तोंड थोडं पलीकडे वळतंच. त्यावर उपाय म्हणजे फटक्याच्या शेवटी पातं वळवणं. पातं कंबरेजवळ आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा आणि पातं होडीपासून हलकेच बाहेर ढकला. पाण्यात इंग्रजी जे अक्षरासारखी रेघ उमटते. हा फटका यायला अर्धा तास लागतो, म्हणून पहिला अर्धा तास काठाजवळच घाला. जमेपर्यंत दर पाच-सहा फटक्यांनी मागच्याने हाक द्यावी आणि दोघांनी एकदम बाजू बदलावी.

वल्हं धरण्यातही चूक होते. झाडूसारखे दोन्ही हात दांड्यावर ठेवले की पातं तिरकं शिरतं आणि खांदा भरून येतो. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा पात्याच्या वर वीतभर. ओढ कंबरेच्या पिळातून येऊ द्या. वल्ह्याचं माप असं बघा: खुर्चीवर ताठ बसून वल्हं उलटं धरा, मूठ बैठकीवर टेकवा. पातं सुरू होतं तो सांधा हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान आला, तर वल्हं तुमच्या मापाचं.

वारा सुटला आणि तोंड भलतीकडेच वळायला लागलं, तर बघा: पुढचा माणूस हलका आणि मागचा जड असेल. पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा ते शिडासारखं ढकलतो. सामानाची पिशवी पुढे सरकवा. मागचं टोक एखाद-दोन इंच खाली असलेलं चालतं, त्याहून जास्त नको.

वेळ आणि वाट चुकणं

पहाटे पाणी आरशासारखं असतं. ऊन चढलं की वारा उठतो. म्हणून उजाडताना निघा आणि नऊ-दहाच्या आत काठाला या. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी असतो. पाण्याच्या मधून आडवं जाण्यापेक्षा काठाकाठाने जा. लाटा आल्याच तर होडी त्यांना कुशीवर देऊ नका. तोंड थोडं तिरकं ठेवून लाटेवर न्या, सगळे गुडघ्यांवर.

फुगवट्यात बुडालेल्या झाडांची खोडं आहेत. होडी खोडावर चढून अडकली तर उभं राहू नका. अडकलेल्या टोकावरचं वजन दुसरीकडे सरकवा आणि आल्या वाटेने मागे वल्हवा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला गाळ असतो. धोंडे किंवा मुरूम असेल तिथेच उतरा. पाय रुतलाच तर होडीच्या कडेवर भार टाका, पाय हलवत गाळात पाणी शिरू द्या आणि मग तो हळूच काढा. मार्च ते मे वाळूच्या बेटांवर नदी सुरय हे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. ती वाळूत दिसतही नाहीत, म्हणून बेटावर उतरायचंच नाही.

देनवेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडतात. त्यांच्यापासून किमान पन्नास फूट लांब राहा, हात-पाय पाण्यात सोडू नका, आणि अंधार पडल्यावर भांडी घासायला काठावर जाऊ नका.

होडी उलटलीच तर आधी नावं घेऊन माणसं मोजा. मग सगळ्यांनी होडीला धरून राहायचं, काठाकडे पोहत सुटायचं नाही. पालथी होडीही तरंगते आणि लांबून दिसते. पाण्याला ओढ असेल तर होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडे, राहा. होडी आणि खडक यांच्या मधे कोणीही नको.

तंबूत थंडी, तंबूत पाणी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकड्यात उतरतो. लोक अंगावर तीन पांघरुणं घेतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी खालून येते. अंगाच्या भाराने खालचं पांघरूण दबतं, त्यातली हवा जाते आणि ऊब जाते. घोंगडी अंगावर न घेता अंगाखाली घाला, तिच्याखाली फोमची पट्टी. मग वर एक जाड रजई पुरते.

थंडीच्या भीतीने तंबूच्या सगळ्या झडपा बंद केल्या, की सकाळी छतातून थेंब गळतात. तंबू गळका आहे असं वाटतं, पण ते चौघांच्या श्वासातलं पाणी असतं. वरच्या जाळ्या बोटभर उघड्या ठेवा. दाराची जाळी मात्र रात्रभर पूर्ण बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, कित्येकदा कळतही नाही. दंश झालाच तर कापाकापी नको, आवळून बांधणं नको. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय.

जागा निवडताना ओढ्याचं कोरडं पात्र आणि पाण्याची कड सोडा, धरणाची पातळी बदलते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली तंबू नको. फुलं पडली की अस्वलं येतात. खुंट्या सरळ ठोकल्या तर ताणाने उपटून येतात. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं ठेवा.

खाणं आणि पाणी

शिध्याच्या बाबतीत आपल्याकडचं जुनं शहाणपण उत्तम आहे: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसर. उकळत्या पाण्यात येसर टाकलं की दहा मिनिटांत आमटी. चूक होते ती साठवण्यात. चटणीची पिशवी उशाशी ठेवली तर रात्री उंदीर तंबू कुरतडतात आणि सकाळी वानरं आत शिरतात. सगळं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि तंबूच्या बाहेर, मुक्कामवाल्यांच्या खोलीत.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा. नदीच्या पाण्यात तुरटी फिरवली की ते नितळ होतं, पण जंतू मरत नाहीत. आधी नितळू द्या, फडक्यातून गाळा, मग खळखळून एक मिनिट उकळा. क्लोरीनची गोळी वापरायची तर तीही नितळलेल्या पाण्यातच, आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो.

फोन, औषधं, ओळखपत्रं ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या पाणीरोधक पिशवीत, ठेवताना बॅग गच्च भरू नका. हवा काढून तोंडाच्या किमान तीन घड्या बसल्या पाहिजेत. घरी बादलीत दाबून बघा, बुडबुडे आले तर घडी चुकली.

परतीच्या गाडीच्या घाईत तंबू ओलाच गुंडाळला जातो. घरी आल्यावर तो ‘उद्या बघू’ म्हणून माळ्यावर टाकलात, तर आठवड्यात बुरशीचे काळे डाग पडतात आणि आतला पाणीरोधक लेप चिकट होऊन सुटतो. त्याच दिवशी गच्चीवर, सावलीत, आतली बाजू वर करून पसरा आणि शिवणींमधली ओल गेल्यावरच पिशवीत भरा.