बाळाच्या जीवनसत्त्वांचे डोस कसे आणि कधी द्यावेत

मूल वरचेवर आजारी पडू लागले की घरात पहिली चर्चा टॉनिकची होते. मात्र जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढल्याने आजाराशी झुंजण्याची ताकद परत येते. कमतरता नसताना जास्तीचा डोस दिल्याने ती दुप्पट होत नाही. बाटलीवर 'इम्युनिटी' हा शब्द किती मोठ्या अक्षरांत छापला आहे, याला औषधशास्त्रात काहीच अर्थ नाही.

लसीकरणाच्या वेळापत्रकात समाविष्ट असलेले 'अ' जीवनसत्त्व मात्र चुकवू नये. श्वासनलिका, आतडे आणि डोळे यांचे अस्तर शाबूत राखण्याचे काम ते करते, आणि हे अस्तर कमकुवत झाले की जंतूंना शरीरात शिरणे सोपे जाते. पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीबरोबर 1 लाख युनिटचा, म्हणजे 1 मिलीचा असतो. दुसरा, 2 लाख युनिटचा म्हणजे 2 मिलीचा, दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर लसींबरोबर देतात आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढाच. असे एकूण 9 डोस होतात. हे जीवनसत्त्व यकृतात साठून राहते, म्हणून सहा महिन्यांतून एकदा दिलेले पुरते, आणि त्याच कारणाने ते जास्त झाले तर लघवीवाटे सहज निघूनही जात नाही.

डोस देताना आरोग्यसेविका बाटलीसोबत आलेला, अर्ध्यावर खूण असलेला चमचाच वापरते आहे ना, हे पालकांनी जरूर पाहावे. घरातला चहाचा चमचा साधारण 5 मिलीचा असतो, म्हणजे त्याने 2 मिलीच्या डोसाच्या चक्क अडीचपट औषध पोटात जाईल. पिवळसर तेलकट द्रव बाळाने गिळल्याची खात्री करून तिथेच माता व बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहून घ्यावी. गाव बदलले किंवा अंगणवाडी बदलली की कार्डाखेरीज दुसरा पुरावा उरत नाही, आणि मग एकच डोस दोनदा दिला जाण्याचा धोका असतो. डोसानंतर क्वचित उलटी होते, डोके दुखते किंवा लहान बाळाची टाळू फुगल्यासारखी दिसते. हे बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते, पण बाळ मलूल वाटले तर थांबू नये.

'ड' जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या वर्षी बाळाला रोज 400 युनिट देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात, कारण आईच्या दुधात ते फारच कमी असते. दुकानात मिळणाऱ्या थेंबांची तीव्रता मात्र सारखी नसते: कुठे 1 मिलीत 400 युनिट असतात, तर कुठे 800. त्यामुळे ब्रँड बदलला की लेबल पुन्हा वाचावे लागते. मोठ्यांसाठी असलेले 60 हजार युनिटचे पाकीट बाळाला कधीही आपल्या मनाने देऊ नये.

मूल प्रत्यक्ष आजारी असताना काय करावे, हे आजारावर अवलंबून आहे. साध्या सर्दीत कोणतेही जीवनसत्त्व सुरू करण्याची घाई नको. अंगावरचे दूध, पातळ आहार आणि विश्रांती पुरते. जुलाबांत ओआरएसबरोबर झिंक द्यावे, जे जीवनसत्त्व नसून खनिज आहे: सहा महिन्यांपुढील बाळाला 20 मिलिग्रॅमची गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बहुतेक घरांत ही गोळीही थांबते, तसे करू नये.

गोवर मात्र वेगळे प्रकरण आहे. त्यात शरीरातील 'अ' जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटतो, त्यामुळे डोळ्यांना आणि फुप्फुसांना धोका वाढतो. म्हणून नेहमीच्या डोसांखेरीज लागोपाठ दोन दिवस, दर दिवशी एक असे उपचाराचे डोस दिले जातात: सहा महिन्यांखाली 50 हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांत 1 लाख, एक वर्षानंतर 2 लाख. हे घरी करायचे काम नाही. ताप, पुरळ आणि लाल डोळे दिसताच कार्ड घेऊन दवाखाना गाठावा आणि मागचा डोस कोणत्या तारखेला दिला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.